टाकीचं पाणी

जळगावच्या फ्लॅटमध्ये मेघाच्या माशांच्या टाकीतलं पाणी नळीतून खालच्या फिल्टरमध्ये उतरायचं आणि पंपानं परत वर यायचं. पण हल्ली नळीतली धार मधेच तुटायची आणि टाकी भरून फरशीवर वाहायची.

"आई, तुम्हीच नळीला हात लावता!" ती पाहुण्यांसमोरच सासूवर खेकसली. दुसऱ्या दिवशी भिकुबाई आपल्या गावी, शिंदखेड्याला जाणाऱ्या गाडीत बसल्या.

त्या गेल्यावरही पाणी सांडलंच. शेवटी मेघानं नळी काढून झटकली, तर आतून बोराएवढी गोगलगाय पडली. मेघाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला तिनं फोन लावला, पण ती तोंड उघडायच्या आतच भिकुबाईंनी काळजीनं विचारलं,



"बेटा, मी गावले उनू, आते पानी सांडत नही ना?"