धाकट्याची टाळाटाळ

"ते घरी नाहीत," भावजय फोनवर म्हणाली, आणि मागून धाकट्याचा खोकला ताईला स्वच्छ ऐकू आला.

ताईचा पारा चढला. दहा वर्षांपूर्वी छातीच्या कॅन्सरमधून ती केमोनेच वाचली होती. आता डॉक्टर म्हणत होते, त्याच औषधांनी हाडांतला मगज, तो बोन मॅरो, दुखावला आणि त्यातून हा नवा रक्ताचा कॅन्सर उपटला. ज्याने वाचवलं त्यानेच घात केला! भांडायचं तरी कुणाशी?

मगज दुसऱ्या कुणाचा तरी घालावा लागणार होता. सख्खं म्हणावं असं एकच माणूस होतं, धाकटा भाऊ. तपासणीला रक्त देताना चांगला चेष्टा करत होता. "जुळलं तर पार्टी तुझ्याकडून हं, ताई." त्यानंतर साहेब गायब. हॉस्पिटलात विचारावं, तर "त्यांचा रिपोर्ट त्यांनाच मिळेल."

दुसऱ्या दिवशी ताई धापा टाकत थेट त्याच्या कारखान्यात गेली. तो सोफ्याला कापड ठोकत बसला होता. तोंडात खिळे. नको तो विषय निघाला की हा हमखास तोंडात खिळे धरायचा. अंगातला शर्टही ढगळ झाला होता. मन खात असेल, दुसरं काय!

"जुळलं की नाही?"

"हं."

"हं म्हणजे काय?"

त्याने हातोडी मारली.

"घाबरलास ना? मग तसं तोंडावर सांग! लहानपणी तुझा शेंबूड मी पुसलाय, आणि आज मला असं टांगून ठेवतोस? लाज नाही वाटत?" तिचा आवाज फाटला. "मला जगायचंय रे!"

त्याने एकेक खिळा काढून डबीत टाकला.

"जुळलं, ताई. अगदी तंतोतंत."

ती मटकन स्टुलावर बसली. "मग मेल्या, इतके दिवस माझा जीव का खातोयस? कधी देतोस?"

"नाही देता येणार."

"का? बायको नको म्हणते?"

"नाही गं." तो कसंनुसं हसला. "त्याच तपासणीत माझ्याही रक्तात कॅन्सर निघाला. सोमवारी माझी केमो सुरू होतेय. हिच्यासमोर डॉक्टरांना विचारायची हिंमत होत नाही, तू तरी सांग ना, पहिल्या दिवशी फार त्रास होतो का?"