बॉयलरच्या नव्या नळ्या

लातूरकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलरच्या नव्या नळ्या तपासताना साक्षीला पोलादात क्रोमियम हवं त्याच्या निम्मंच आढळलं. म्हणजे धगीत नळ्या लवकर गंजणार, पातळ होणार आणि भर हंगामात एखादी फुटणार. "गाळप तोंडावर आलंय, पास लिहा," साहेब म्हणाले. तिने लिहिलं.

घरी येताच तिने बॉयलरवर कामाला असलेल्या थोरल्या भावाला गाठलं. "दादा, दुसऱ्या खात्यात बदली मागून घे."

"आता कशाला?" रामलिंग हसला. "मागच्या साली नळी फुटली, तवापासून सगळे गडी भिऊन राहिले होते. कुणी बॉयलरपाशी यायला तयार न्हवतं. मीच समजावून आणलं सगळ्यांना."

"काय सांगितलंस?"



"म्हणलं, नव्या नळ्या माझ्या बहिणीनं तपासल्यात."