दारासमोरचा गतिरोधक

“दसऱ्याआधी पांढरे पट्टे मारून घे रे महेश. पुसट झाले की दिसत नाहीत, अन् दिसलं नाही तर कुणी हळू होत नाही.”

गाडीखाली खर्रकन आवाज झाला आणि महेशला आईचं अंथरुणावरचं हे बोलणं आठवलं. तेव्हा त्याने तिचा हात हातात धरून “हो गं, नक्की” म्हटलं होतं. आईचं, कलाबाईंचं, वर्षश्राद्ध गेल्याच महिन्यात झालं. पट्टे तसेच राहिले होते.

करडी गाडी घराच्या दारासमोर गतिरोधकावर पोट टेकून उभी होती. मागून पिवळी गाडी घेऊन येणारा सनी उतरून धावत आला. तो शाळेपासूनचा मित्र, आता गाड्यांचा विक्रेता. सकाळपासून दोन्ही गाड्या चालवून बघणं सुरू होतं. पिवळी रस्त्यावर गुणी. बटण दाबलं की तिचं नाक वर होई आणि उंचवटा न घासता पार होई. शर्यतीच्या ट्रॅकवरही पळे, पण पाहुण्यासारखी. करडीचं माहेरच ट्रॅक. त्र्यंबक रोडला तिने असा वेग धरला की महेशच्या अंगावर काटा आला. मन तिच्यावरच बसलं. उद्या दसरा, गाडी घ्यायचा मुहूर्त ठरलेला. त्याची बायको प्रतिभा मात्र आजच ओवाळणीचं ताट घेऊन फाटकात उभी होती.

“वहिनी, दारात घाट बांधलाय का हो?” सनी वाकून बंपर बघत म्हणाला.

“सासूबाईंचा आहे तो,” प्रतिभा हळूच म्हणाली.

“नगरसेवकाला फोन लाव, भावा. सकाळपर्यंत सपाट! अशी गाडी एका उंचवट्यापायी सोडतात होय?”

महेशने खिशातून फोन काढला. नंबरही सापडला. बोट मात्र तिथेच थबकलं.

कंपाउंडच्या कामाला आलेल्या गवंड्याकडून आईने हा गतिरोधक घालून घेतला होता. कुणाला विचारलं नाही. दर खंडेनवमीला अंबडच्या घरच्या कारखान्यातल्या यंत्रांची पूजा झाली की ती उपाशीपोटीच इथे येई. पट्टे मारी, हळदकुंकू वाही, वर झेंडूचं फूल ठेवी. गल्ली हसायची. “कलाबाईंचा नवा देव,” म्हणायची. आईही त्यांच्याबरोबर हसायची आणि मगच पाणी प्यायची.

आज खंडेनवमीच होती.

महेशने फोन खिशात टाकला.

“माझ्यासाठी पिवळी ठेव, सनी.”

“वेडा आहेस का? ट्रॅकवर पस्तावशील!”

“ट्रॅकवर जाऊन जाऊन किती जाणार? या दारातून रोज जायचंय.”

तो आत गेला. कोठीतून पांढऱ्या रंगाने भरलेली बादली आणि ब्रश घेऊन आला. फाटकाशी त्याने बूट काढून ठेवले. प्रतिभाने ताटातलं झेंडूचं एक फूल उचलून बाजूला ठेवलं.

सनीचा आवाज उतरला. “महेश, रागावू नकोस. इथे कुणी गेलं होतं का रे? ॲक्सिडेंट वगैरे?”

महेश थांबला. त्याला ते दिवस आठवले. नवी मोटरसायकल, कसारा घाटातल्या पैजा, पहाटे घरी येणं. आई जपाची माळ घेऊन उंबऱ्यात बसलेली असे. मग एक दिवस दारात हा उंचवटा आला. तो तिच्यावर केवढा ओरडला होता! ती तेवढंच म्हणाली होती, “तुला अडवत नाही रे बाळा. इथं हळू होतोस, तेवढ्यात तुझं तोंड दिसतं. पुढे दिवसभर माळ ओढायला बळ येतं.” त्या दिवसापासून त्या गतिरोधकावर त्याचा वेग उतरू लागला. पुढे घाटातही उतरला. त्याच्याबरोबरच्या दोघांचा उतरला नाही.

“नाही,” तो सनीला म्हणाला. “कुणी गेलं नाही. जाणार होतो तो मी.”

आणि बादली उचलून तो अनवाणी रस्त्यावर उतरला.