साडेदहा फुटांची भिंत

मुलुंडची बिल्डिंग पुनर्विकासाला गेल्यापासून नंदकुमार आणि कुंदा भाड्याच्या घरात राहत होते. घरमालक भिंतीला साधा खिळा ठोकू द्यायचा नाही, तिथे टीव्ही कुठला लटकवणार? म्हणून सिनेमे आणि मालिका बघण्यापुरता स्वस्तातला कॉम्प्युटर घ्यायला नंदकुमार बायकोला घेऊन दुकानात आले.

"काका, सिनेमेच बघायचेत तर स्क्रीन जरा मोठा घ्या ना," दुकानदार म्हणाला.

"नको रे. नव्या घरात हॉलची भिंत साडेदहा फुटांची आहे." नंदकुमारांनी लगेच मोबाइलवर बिल्डरचा नकाशा उघडून त्याच्यापुढे धरला. "हे बघ, इथे. इथे भिंतभर टीव्ही लावणार आहे मी. तोवर हा छोटा बास झाला."

कुंदाने नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुकानदाराने सगळ्यात स्वस्तातला खोका खाली काढला आणि बिल करता करता विचारलं, "घरी जुना आहे का एखादा? एक्सचेंजमध्ये थोडे कमी करतो."



"आहेत ना," कुंदा म्हणाली. "'तोवर' म्हणून घेतलेले तीन."