गोंदणावरची पट्टी

मासिकाने छापण्याआधी तपासायला माझ्याकडे पाठवलेल्या शोधनिबंधात जखम भरून आणणाऱ्या नव्या इंजेक्शनचं कौतुक होतं. सगळे रुग्ण बरे झाले, असा दावा होता. सोबत एका बाईच्या हाताचा फोटो. ओळख पटू नये म्हणून चेहरा गाळला होता, पण जखमेशेजारचं गोंदण राहून गेलं होतं: ‘भिका’. सारंगखेड्याच्या यात्रेत गोंदवून घेतलेलं नवऱ्याचं ते वाकडंतिकडं नाव मी देवपूरच्या माझ्या दवाखान्यात कितीदा पाहिलेलं. त्या पार्वताबाईंच्या दहाव्याला मी नरडाण्याला जाऊन आलो होतो. संपादकांना कळवलं, ‘गोंदणावरून मी ही बाई ओळखली. त्या इंजेक्शननंतर ती वारली. निबंध छापू नका.’ त्यांनी आभार मानले. आज अंक आला. निबंध जसाच्या तसा. माझ्या सांगण्यावरून एकच सुधारणा झाली होती, गोंदणावर काळी पट्टी आली होती. समोर भिकाआबा खाजेचं औषध न्यायला बसले होते. अंकात डोकावत म्हणाले, “हाऊ कोन्हा हात शे, डाक्टरसाहेब? बरी व्हयनी का ती बाई?” “बरी झाली, असं छापलंय. सगळेच बरे झाले म्हणे.” “मनी पार्वताले दिन्हं व्हतं, तेच इंजेक्शन का?” मी होकारार्थी मान हलवली. आबा त्या हाताकडे बघत राहिले. “म्हंजे बठ्ठासले लागू पडनं,” ते म्हणाले, “मनी पार्वतालेच नही.”