सतराचा पाढा

"सतरा साते?" आईने बोटीच्या कडेवरून वाकून ओरडून विचारलं.

पाण्यात उभ्याउभ्या पाय मारणारी थोरली भडकली. "आई, अजून किती वेळा? मी काय दुसरीत आहे? एकशे एकोणीस! बाटली टाक आता!"

"बरोब्बर!" धाकटीने बोटांवर हिशेब करून जाहीर केलं. दोरीला बांधलेली बाटली पाण्यात पडली. थोरलीने चार घोट घेतले, बाटली भिरकावली आणि ती पुन्हा मासोळीसारखी सुटली.

तलाव या काठापासून त्या काठापर्यंत सोळा किलोमीटर. चारच्या आत पलीकडे टेकायचं, नाहीतर वर्षभराची मेहनत पाण्यात. बोटीत शिट्टी घेऊन बसलेल्या पंचबाईंचा नियम एकच, पण कडक. पोहणारीने बोटीला हात लावला किंवा बोटीतल्या कुणी तिला हात लावला, की खेळ खल्लास.

थोरलीला सातव्या वर्षापासून मधुमेह. तिच्या दंडावर नाण्याएवढा सेन्सर होता. तो दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा आणि ती चढतेय की उतरतेय हे दाखवणारा बाण फोनवर पाठवायचा, पण पाण्याखालून काही येत नसे. म्हणून दर अर्ध्या तासाने ती बोटीपाशी थांबायची, दंड वर धरायची आणि आकडा यायची वाट बघायची. फोन सांभाळायचं काम धाकटीचं. तिने ते मागून नाही, भांडून घेतलं होतं. आकडा साठच्या खाली गेला तर थोरलीला ओढून बाहेर काढायचं, अशा कागदावर सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या.

पाढ्यांचं खूळ मात्र आईचं. सेन्सर नव्हता तेव्हापासूनचं. लेकीची साखर उतरल्याचा नुसता संशय आला, की आई हातातलं काम टाकायची आणि तिला सतराचा पाढा विचारत सुटायची. प्रशिक्षक सरांना याची फार गंमत वाटे. "काकू, आता यंत्र आलंय. पाढे कशाला?"

"असू दे," आई म्हणायची.

पावणेतीन वाजले. अडीच किलोमीटर उरले. पलीकडच्या काठावरची झाडंसुद्धा आता वेगवेगळी दिसत होती. थोरली थांबली, दंड वर आला, धाकटी फोनवर झुकली.

"एकशे चार! बाण आडवा!"

सरांनी अंगठा उंचावला. असा आकडा म्हणजे पेढे वाटावेत असा.

"सतरा नव्वे?" आईने विचारलं.

"हो आई," थोरली म्हणाली. "एकशे त्रेपन्न."

"बरोब्बर!" धाकटी ओरडली.

आईचा चेहरा पडला. "गोड बाटली टाक. आणि तिला इथंच थांबव."

"काकू!" सर उठून उभेच राहिले. बोट डुगडुगली. "आकडा छान, पाढा छान. एकेक मिनिट मोजून ठेवलंय मी. उगाच कशाला थांबवताय?"

"थांबायचं."

"तिचा तलाव जाईल हातचा!"

"जाऊ दे. पी गं तू."

थोरली प्यायली. निमूट. धाकटीच्या तर नाकाचा शेंडा लाल झाला. वर्षभर अंधारात उठून पोहायला जाणारी ताई तिने पाहिली होती. आणि आता ऐन वेळी आई अशी! तिने आईकडे जळजळीत नजरेने बघितलं. आईचं लक्षच नव्हतं. ती पाण्याकडे बघत होती.

पाच मिनिटांनी आकडा बदलला. अठ्ठ्याऐंशी. बाण तिरका, खाली.

आणखी पाच मिनिटांनी त्रेसष्ट. बाण सरळ खाली.

पंचबाईंनी शिट्टी ओठांपाशी नेली. सर मटकन खाली बसले. थंड पाण्यात सेन्सरचा आकडा शरीराच्या दहा-पंधरा मिनिटं मागे राहू शकतो, हे त्यांनीच तर सगळ्यांना शिकवलं होतं. एकशे चार दिसत होते, तेव्हाच आतली साखर धडाधड उतरत होती. तशीच पुढे गेली असती तर खोल पाण्यात काय झालं असतं, हा विचार बोटीतल्या प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होता.

पण गोड पाणी पोटात जाऊन आता दहा मिनिटं झाली होती. धाकटीने फोन इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. सदुसष्ट. मग ब्याऐंशी. बाण वर.

"अहो, माझं भिजत घोंगडं करून ठेवलंय का?" पाण्यातून आवाज आला. "जाऊ की इथंच म्हातारी होऊ?"

आई खळखळून हसली आणि सकाळपासून पहिल्यांदाच पाठ टेकून बसली. "जा, जा!"

चारला तीन मिनिटं कमी असताना थोरलीचे पाय वाळूला लागले. पंचबाईंनी शिट्टी वाजवली, सरांनी टोपी हवेत उडवली, आणि थोरली टॉवेलात गुरफटून सगळ्यांवर एकदम करवादली. टॉवेल ओला आहे, चप्पल कुठाय, फोटो नको.

धाकटी हळूच आईला चिकटली. "आई, सॉरी. पण खरं सांग, आकडा बरोबर, उत्तरही बरोबर. मग तुला कळलं कसं?"

"उत्तर बरोबर होतं?" आई बाटलीचं झाकण लावत म्हणाली. "मला काय माहीत? माझे पाढे बारावर संपतात."

"मग?"

"अगं, बरी असताना ती मला कधी 'हो आई' म्हणाली आहे का?"