चूक सांगा, वस्ताद

पडद्यावर तालमीतली पैलवान पोरगी क्रांती दिसत होती, पण हलत नव्हती. लाल पोशाख, कमरेवर हात आणि बरोबर तोंडावर एक पिवळं कुलूप. खाली ठसठशीत अक्षरं होती : फायनल पाहण्यासाठी सभासद व्हा.

"ह्ये काय आनि?" गुंडा वस्तादांनी विचारलं.

"पैसं मागत्यात, वस्ताद," शिवतेज म्हणाला. तो फौजेतून सुट्टीवर आला होता आणि मोबाईलवरची कुस्ती तालमीतल्या टीव्हीला जोडून द्यायचं काम त्याने अंगावर घेतलं होतं. "सेमीफायनलपातूर फुकाट दावलं. फायनलला कुलूप घातलं."

वस्तादांचं टाळकं सणकलं. पलूसजवळच्या या तालमीला दार आहे, पण त्याला कडी लागलेली कुणी पाहिली नाही. येणाऱ्याने यावं, कट्ट्यावर टेकावं, हवी तेवढी कुस्ती बघावी. आज तर सगळी आळी येऊन बसली होती. धोंडुबाई सगळ्यांच्या पुढे. क्रांतीच्या खुराकाचं दूध तिच्याच म्हशीचं, आणि बदाम धरणेंद्रशेठच्या दुकानातले.

"दूध आमी पाजायचं आन तिकीट बी आमीच काढायचं?" धोंडुबाई कडाडली. "माज्या म्हशीला इचारलं हुतं का ह्येंनी?"

लोक हसले. वस्ताद हसले नाहीत.

"मी भरतो की, वस्ताद. आत्ता हुतंय," शिवतेज म्हणाला.

"हात लावशील तर बघ! मैदानाच्या वाटंवर कुनी आडवा हून म्हनला आसता, आदी पैसं टाक, तर उचलून आपटला आसता त्येला. ह्यो तर तोंडबी दावत न्हाई. आमच्याच पोरीच्या तोंडावर कुलूप घालतोय, भाडखाऊ!"

पण कुस्ती बघायची होती ती सगळ्यांत जास्त वस्तादांनाच. या तालमीचा एक रिवाज आहे. कुस्ती झाली की पैलवान घाम पुसायच्या आधी वस्तादांपुढे उभा राहतो आणि म्हणतो, चूक सांगा. हरलेला असो की जिंकलेला, वस्ताद एक चूक काढतातच. शाबासकी त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलेली नाही. क्रांती बाहेरगावी लढली की मॅटवरून उतरल्या उतरल्या फोन लावते, आणि वस्तादांनी सांगितलेल्या त्या एका चुकीवर तिची पुढची सगळी मेहनत चालते. आज जिंकली तर देशाकडून खेळायचं होतं. त्या कुस्त्यांना जायच्या आधी तिला आजची चूक हवी होती.

वस्तादांना एकदम सुचलं. क्रांतीची आई बनुबाई तिथेच, पुण्यात, मॅटजवळ बसलेली. त्यांनी फोन लावला.

"बनुबाई, लागली का कुस्ती?"

"लागली, वस्ताद."

"पट कुनी काढला? क्रांती वर हाय का खाली?"

"मला काय ठावं? मी डोळं मिटल्यात."

"आगं, उघड की!"

"न्हाई बघवत मला. पोटची पोर हाय."

वस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला. जिला बघवत नाही तिला पुढच्या रांगेत खुर्ची, आणि ज्याला बघायचंय त्याच्यापुढे कुलूप! फोनमधून शिट्ट्या ऐकू येत होत्या. कुणीतरी कुणालातरी खाली घेतलं होतं, एवढं नक्की.

"भर," वस्ताद म्हणाले.

"आं?"

"भर म्हनतोय न्हवं! घाल पैसं त्येंच्या मढ्यावर!"

शिवतेजने भराभर बोटं चालवली. पैसे लगेच गेले. जायला त्यांना कधीच वेळ लागत नाही. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. वस्ताद उठून टीव्हीला नाक लावून उभे राहिले. गोल थांबला, कुलूप गेलं आणि सिमेंटची जाहिरात लागली. मग पाईपची. मग बनियनची. बायामाणसांत कधी न दिलेली शिवी वस्तादांनी त्या बनियनवाल्याला दिली.

फोनमध्ये एकच कल्ला उठला.

"जितली! वस्ताद, क्रांती जितली!" बनुबाई रडत होती. डोळे तिने आता उघडले होते.

"कोनच्या डावावर?"

"ते काय की. लोकं वरडली तवा मला कळालं."

पडद्यावर चित्र आलं तेव्हा पंच क्रांतीचा हात वर धरून उभा होता. तालमीत हलगी कडाडली. धोंडुबाई नाचायला लागली.

"मागलं दाव," वस्ताद ओरडले.

शिवतेजने मान खाली घातली. "मागलं बघायला वरचा प्लॅन घ्यायला पायजे म्हनत्यात."

तेवढ्यात बनुबाईच्या फोनवर क्रांतीचा आवाज आला. तिला अजून धाप लागलेली होती.

"वस्ताद, चूक सांगा."

हलगी थांबली. सगळे वस्तादांच्या तोंडाकडे बघायला लागले. एवढ्या परक्या माणसांत पोरगी लढली ती वस्ताद बघतायत या भरवशावर. तिला आता काय सांगायचं, मी बनियन बघत होतो म्हणून? त्यांची जीभ रेटेना.

"चूक न्हाई, पोरी," ते म्हणाले. "काय बी चुकलं न्हाई. झ्याक लढलीस. शाबास."

तिकडे लोकांचा गलका चालूच होता.

"वस्ताद," क्रांती म्हणाली, "तुमी कुस्ती बघितलीच न्हाईसा."